आम्ही कळवतो

मुलाचे मामा दुसऱ्या दरवाज्यापाशी बसले ते उठेनातच. मी वर बुरुजाच्या फटीतून बघत होते. खाली उंबऱ्यावर एक गोल टोपी, तिच्याशेजारी एक उंच, सडपातळ माणूस, आणि त्या दोघांसमोर सरकारी खाकी शर्ट घालून, हात मागे बांधून उभे राहिलेले आमचे बाबा. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“वासंती, साडी दगडाक घासतली. खाली उतर,” आई क्वार्टरच्या दारातून ओरडली.

मी उतरले नाही. त्या दिवसांत मला एका जागी पाच मिनिटं बसवत नसे, आणि त्या दिवशी तर उभंही राहवत नव्हतं. सातेरगड डोंगराच्या टोकाला आहे. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला चारशे अकरा पायऱ्या, त्यातल्या निम्म्या फुटलेल्या. तीन दरवाजे, एक तळं, देवीचं देऊळ, पालथी पडलेली एक तोफ, आणि सगळ्यांत शेवटी पश्चिमेच्या बुरुजावर दीपगृह. बाबा, म्हणजे गोविंद केळुसकर, त्या दीपगृहाचे रखवालदार. पायथ्याच्या वाडीतले लोक त्यांना बत्तीवाले म्हणत. मी सोळाव्या वर्षी त्या गडावर राहायला गेले आणि चोविसाव्या वर्षीही तिथेच होते. लोक किल्ला बघायला येत, वारा खात, तोफेवर बसून फोटो काढत आणि संध्याकाळच्या आत खाली जात. मला त्या प्रत्येकाचा हेवा वाटायचा.

तोवर चार स्थळं गड चढून आली होती आणि चार उतरून गेली होती. एका मुलाच्या आईचा पायऱ्या उतरताना गुडघा दुखावला आणि त्याचा दोष माझ्या पत्रिकेवर आला. प्रत्येक जण जाताना “कळवतो” म्हणायचा. कळवतो म्हणजे नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा तरी आठ दिवस पोस्टमनची वाट बघत.

हे पाचवं स्थळ. रघुनाथ धुरी, मुंबईत एका छापखान्यात कामाला, आईवडील नाहीत, मामांनी वाढवलेला. मामा अखेर उठले आणि दर वीस पायऱ्यांवर थांबत वर आले. आल्या आल्या त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि म्हणाले, “केळुसकर, शिवाजी महाराजांचे मावळे हे चढून वर लढायचेसुद्धा?”

“रोज चढलं की सवय होते,” बाबा म्हणाले. पाहुण्यांसमोर ते पुस्तकी मराठी बोलत, आणि ती त्यांना नव्या चपलेसारखी लागायची.

रघुनाथ भिंतीतल्या दगडांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, “चारशे अकरा आहेत ना पायऱ्या? मी चारशे नऊ मोजल्या.”

“तळ्यापाशी दोन गवतात बुडालेल्या आहेत,” मी म्हणाले. मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, असं आई डोळ्यांनी सांगत होती. रघुनाथ थोडा वेळ गंभीर राहिला आणि मग हसला. त्याला हसू नेहमी जरा उशिरा यायचं, हे मला त्या दोन तासांत कळलं.

मामांनी खुर्ची सोडली नाही. आईला घावणे घालायचे होते. सहाय्यक रखवालदार रजेवर होता, म्हणून बाबांना खाली बॅटरीच्या खोलीत काहीतरी बघायचं होतं, किंवा तसं त्यांनी ठरवलं होतं. “वासंती, यांना बत्ती दाखव,” ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग मामांकडे वळून म्हणाले, “ही माझी अर्धी असिस्टंट आहे. मला ताप आला तर बत्ती ही लावते. आजवर एकदाही चूक नाही.”

हे वाक्य त्यांनी आधीच्या चारही स्थळांना ऐकवलं होतं. कुणावर त्याचा परिणाम झाला नव्हता. माझ्यावर मात्र दर वेळी व्हायचा.

दीपगृहाच्या डोक्यावर काचेची खोली असते. तिच्या मधोमध माणसाएवढं भिंग. रात्री ते आतल्या लहानशा दिव्याचा उजेड गोळा करतं आणि वीस मैल लांब फेकतं. दिवसा तेच भिंग उलटं वागतं. बाहेरचं ऊन गोळा करून नेमकं दिव्यावर आणून ठेवतं, आणि सूर्य खाली आला की जास्तच. म्हणून उजाडलं की काचांवर आतून जाड पिवळे पडदे ओढायचे आणि सूर्य पाण्यात गेल्याशिवाय ते हलवायचे नाहीत. बाबांनी मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. जिना चढताना मीही ते रघुनाथला शिकवलं, अगदी त्यांच्याच सुरात.

वरची खोली पिवळ्या उजेडानं भरली होती. रघुनाथनं भिंगाभोवती एक फेरी मारली, कुठे हात न लावता.

“म्हणजे एवढं चढून यायचं आणि समुद्र पडद्यामागे,” तो म्हणाला.

“उघडू का?”

“नको. तुम्हीच आत्ता सांगितलंत ना. राहू दे.”

“जरा वेळानं काही होत नाही,” मी म्हणाले आणि पश्चिमेचा पडदा सरकवला.

का सरकवला, याचं उत्तर मी आजवर स्वतःला वेगवेगळं दिलं आहे. खरं उत्तर साधं आहे. मला मिरवायचं होतं. त्या गडावर माझ्या मालकीचं म्हणून दाखवण्यासारखं तेवढंच एक होतं.

समुद्र एकदम आत आला. खाली खडक, खडकापलीकडे होड्या, आणि सूर्य अजून बराच वर. रघुनाथ काचेजवळ उभा राहिला. मग समुद्राकडेच बघत त्यानं विचारलं, “तुम्हाला लग्न करायचंय की इथून जायचंय?”

असं कोणी विचारतं का? मी म्हणाले, “जायचंय.”

तो थांबला, मग हसला. “बरं झालं सांगितलंत. माझी एकच खोली आहे, आणि एक स्वयंपाकाचा कोपरा. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. समुद्र वगैरे काही नाही.”

“समुद्र पुरे झाला मला.”

“दुपारी छापखान्याचा आवाज येतो. जमीन हलते थोडी.”

“हलू दे. इथे काहीच हलत नाही.”

“मग मला तुम्ही चालाल,” तो म्हणाला. “मी चालेन का, ते तुम्ही सांगा. सगळे मुलालाच विचारतात.”

तेवढ्यात खालून आईची हाक आली, घावणे गार होतायत म्हणून. मी आधी उतरायला लागले, तो मागून. अर्ध्या जिन्यावर मी मागे न बघता म्हणाले, “चालाल.”

आणि पडदा तसाच राहिला.

खाली मी घावणे वाढले, चहा दिला, मामांनी तिसरा घावणा नको नको म्हणत घेतला. माझं लक्ष कशातच नव्हतं. मनातल्या मनात मी ती खोली लावत होते. खिडकीला मळखाऊ रंगाचा पडदा हवा, इथपर्यंत गेले होते. पडदा हा शब्द मनात येऊनही मला आठवलं नाही, यावरून मी कुठे होते ते समजा.

रघुनाथनं मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामांनी बशी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, “केळुसकर, आमच्यात कळवतो-बिळवतो प्रकार नाही. मुलगी पसंत आहे. तुमचं काय ते बोला, म्हणजे मी पुन्हा हा गड चढायला नको.”

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि साखरेचा डबा काढला. बाबा घड्याळ बघत उठले. सव्वासहा झाले होते. “बत्ती लावून येतो,” ते म्हणाले. “मग बोलू. आमचंही तेच समजा.” ते इतक्या आनंदात होते की जिना चढताना त्यांची शीळ ऐकू आली. मी त्यांची शीळ त्याआधी कधी ऐकली नव्हती.

शीळ मध्येच थांबली.

ते खाली आले तेव्हा त्यांच्याबरोबर जळक्या रबराचा वास आला. हातात दिव्याची बैठक होती, एका बाजूनं वितळून वाकलेली, वायरी काळ्या पडलेल्या. ते दारात उभे राहिले आणि पाहुण्यांसमोरची मराठी विसरले.

“पडदो कोणी उघडल्यान?”

मी तोंड उघडलं, ते उघडलेलं मला आठवतं. पण त्यातून आवाज यायच्या आत बाजूनं आवाज आला.

“मी,” रघुनाथ म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“हिनं सांगूक नाय तुमका?”

“सांगितलं होतं. ह्या खाली उतरायला लागल्या. मी मागे राहिलो आणि उघडला. लावायचा विसरलो. माझी चूक झाली.”

“अरे, पण तुला कोणी सांगितलं होतं नसत्या उचापती करायला?” मामा म्हणाले.

बाबांनी ती वितळलेली बैठक उंबऱ्यावर ठेवली. “चला,” ते रघुनाथला म्हणाले. “हात लावा. वासंती, स्टोअरमधलो जुनो बर्नर काढ. रॉकेल आण.”

वीज येण्याआधी बत्ती रॉकेलवर चालायची. तो पितळी बर्नर बाबा दर महिन्याला पुसून ठेवत आणि आम्ही त्यांना हसायचो. आता तो भिंगाच्या मधोमध बसवायचा होता, आणि सूर्य बुडायला पंधरा मिनिटं राहिली होती. रघुनाथनं बर्नर धरला, बाबांनी स्क्रू आवळले, मी पंप मारला. पहिलं मँटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, पेटताना फुटलं. दुसरं आणायला मी पायऱ्या दोन दोन करत उतरले आणि चढले. सूर्य गेला. खाली खडकाच्या पलीकडे दोन होड्या इंजिन बंद करून थांबल्या होत्या. बत्ती लागल्याशिवाय खडकाची बाजू ओलांडायची नाही हे त्यांचं ठरलेलं. अंधार पडत गेला तशा त्या लाटांवर वर-खाली होत राहिल्या, आणि त्यातून कोणीतरी आमच्या दिशेनं हाका मारत होतं.

आम्ही तिघं त्या खोलीत एकमेकांच्या हातभर अंतरावर होतो. बोलायला तेवढी जागा पुरेशी होती. मी पंप मारत राहिले.

सहा पंचावन्नला बत्ती लागली. तेवीस मिनिटं उशीर. होड्यांची इंजिनं सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला. बाबांनी कपाळ पुसलं आणि रघुनाथच्या हाताकडे बघितलं. गरम पितळेनं त्याची दोन बोटं भाजली होती. “खाली चला, खोबरेल लावतो,” बाबा म्हणाले आणि खरंच स्वतःच्या हातानं लावलं.

मला वाटलं, निभावलं. मामांनाही तसंच वाटलं असावं. टॉर्च हातात घेऊन ते म्हणाले, “मग केळुसकर, ठरलं म्हणायचं ना?”

बाबा नोंदवही उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग मामांना म्हणाले, “आम्ही कळवतो.”

मुलाकडच्यांनी म्हणायचं वाक्य मुलीच्या बापानं म्हटलं. मामांचा चेहरा उतरला. चारशे अकरा पायऱ्या चढून आलेल्या माणसाचा तो अपमानच होता. ते चालायला लागले. रघुनाथ दारात थांबला. मी बोलेन म्हणून नव्हे, त्याला चपला सापडत नव्हत्या म्हणून, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. “येतो,” तो मला म्हणाला. रागावलेला नव्हता. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही बघितली. बाबांनी लिहिलं होतं: दिवा तेवीस मिनिटे उशिरा. दिवसा पडदा उघडा राहिला. चूक रखवालदाराची. पाहुण्याचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, मुलाचं नाव लिहिलं नाही म्हणजे राग नाही, दोन दिवसांत कळवतील.

दोनाचे चार झाले, चाराचे आठ. बाबांनी वाडीतून एक अंतर्देशीय पत्र आणलं आणि कोरंच फळीवर ठेवलं. येता-जाता मी त्या निळ्या कागदाकडे बघायची. आईनं तर घर डोक्यावर घेतलं.

“माणूस चूक कबूल करता. बोटां भाजून घेता. आणि काय व्हया तुमका? एका पडद्यासाठी असो पोरगो घालवतास?”

“पडद्यासाठी नाय,” बाबा म्हणाले.

“मग कित्यासाठी?”

बाबा किल्ली घेऊन बत्तीकडे निघून गेले.

एरवी बत्ती लावायला ते एकटे जात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी मला हाक मारायला लागले. “वासंती, चल वर.” वर काही काम नसायचं. नवी बैठक येईपर्यंत बर्नरच चालू होता, त्याचा पंप ते स्वतःच मारत. मी काचेला टेकून उभी राहायची. सूर्य जायचा, पडदे निघायचे, भिंग फिरायला लागायचं. आम्ही वाऱ्याबद्दल बोलायचो, तळ्याच्या पाण्याबद्दल, रजेवरून न परतलेल्या सहाय्यकाबद्दल.

एकदा ते म्हणाले, “बोल.”

“काय?”

“काय नाय. गप आसस म्हणान.”

मला बोलायचं नव्हतं असं नाही. दिवसातून दहा वेळा मी ते वाक्य मनात म्हणायची. तळ्यावर धुणं धुताना तर मोठ्यानं म्हणून बघितलं. पाच शब्दांचं वाक्य. पण ते म्हटलं की पुढचं दिसायचं. बाबा माझ्याकडे बघतील आणि किल्ली परत मागतील. अर्धी असिस्टंट, एकदाही चूक नाही. ज्या गडावरून मला पळून जायचं होतं, त्याच गडावरची ती एवढीशी जागा मला सोडवत नव्हती. आणि रघुनाथचं काय, असं मनात आलं की मी त्याच्यावरच चिडायची. ह्यांना कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? मी बोलणारच होते. त्याला माझ्यासाठी खोटं बोलता आलं, तर मुंबईहून एक पत्र टाकून खरंही सांगता येईल. मग मला काही करावं लागणार नाही. इतकी मी नीच झाले होते, आणि वर जेवण जात नाही म्हणून आईकडून लाड करून घेत होते.

पंधराव्या दिवशी सकाळी फळीवरचा कागद नव्हता. बाबांनी पत्र लिहून भाताच्या शितानं चिकटवलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

“वाडीत जातंस ना? पेटीत टाक.”

मी वाडीत जाणार नव्हते. ते त्यांनाही माहीत होतं.

“काय लिवलात?” मी विचारलं.

“योग नाय म्हणान लिवलंय.” ते तिथेच उभे राहिले. जाईनात. मी चपला घातल्या, पिशवी घेतली. ते तरीही उभे.

“बाबा,” मी म्हणाले.

“काय गो?”

“तेलाची बाटली देऊ काय दुकानात भरूक?”

“दी,” ते म्हणाले आणि आत गेले.

त्या चारशे अकरा पायऱ्या मी कशा उतरले ते मलाच ठाऊक. पहिल्या दरवाज्यात थांबले, दुसऱ्यात थांबले. फाडून टाकावं, समुद्रात भिरकावावं, परत जावं. गावातून किल्ला बघायला आलेली शाळेची पोरं हसत-खिदळत वर चढत होती आणि मला त्यांच्यातून वाट काढावी लागत होती. पेटी वाडीच्या शाळेच्या भिंतीला होती. पत्र आत टाकल्यावर मी हात आत घालून बघितला. पोचत नव्हता.

पुढे वरच्या ऑफिसातून मेमो आला. बाबांची बढती राहिली आणि बदली झाली, थेट कच्छच्या किनाऱ्यावर. आई आणि मी गावच्या घरी परत आलो. म्हणजे गडावरून सुटले मी, पण मला हवं होतं तशी नव्हे. रघुनाथचं वर्षभरात लग्न झाल्याचं कोणाकडून तरी कळलं.

तीन वर्षांनी माझं ठरलं. सावंतवाडीचे शिक्षक, दोन बहिणींच्या पाठचे, शांत. जमवलं ते आईनं. बाबा लग्नापुरती रजा काढून आले. उन्हानं काळे पडले होते आणि खूप थकल्यासारखे दिसत होते. हळदीच्या दिवशी सकाळी ते पडवीत बसून नारळ निवडत होते. एकेक कानाशी धरून हलवायचे, पाणी वाजलं की एका बाजूला ठेवायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. उद्या मी ह्या घरची राहणार नव्हते. आता किल्ली कोणाची कोणी मागणार नव्हतं. म्हणूनच धीर आला असेल, त्यात माझा मोठेपणा काही नाही.

“बाबा, तो पडदा मी उघडला होता.”

त्यांनी हातातला नारळ हलवून बघितला आणि बाजूला ठेवला.

“म्हायत आसा माका.”

“कधीपासून?”

“त्याच सांजेपासून. मी विचारलंय तेव्हा तो माझ्याकडे बघून बोललो. तू त्येच्याकडे बघलंस.”

पडवीत बायकांची ये-जा चालली होती. मी आवाज खाली केला. “मग त्याला नको का म्हणालात? त्यानं तर माझ्यासाठी...”

“पंधरा दिवस तुझी वाट बघी होतंय,” बाबा म्हणाले. “रोज वर नेलंय तुका. पत्रसुद्धा तुझ्या हातात दिलंय. एक शब्द बोललं असतंस, तर मी स्वतः मुंबैक जावन त्येका घेवन इलो असतंय.”

“मग मी बोलले नाही, तर तुम्ही बोलायचं होतंत.”

“मी बोलान काय उपयोग?” त्यांनी दुसरा नारळ उचलला. हलवला नाही. “बघ गो. तो तुझ्यासाठी खोटा बोललो, भाजून घेतल्यान, मामाच्या शिव्या खाल्ल्यान. तुका त्येच्यासाठी खरा बोलाक जमाक नाय. तुझी काळजी नव्हती माका. माका त्येची काळजी वाटली. इतको चांगलो पोरगो, तो मी तुका कित्याक देऊ?”

आज ह्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. माझा संसार चांगला झाला, यजमान मनानं फार चांगले. पण बापाच्या तोंडून ऐकलेलं ते वाक्य अजून जिथल्या तिथे आहे. त्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. कितीतरी वेळ मी सोललेल्या नारळाच्या शेंड्या बोटांनी उपटत बसले.

“आणि उद्याचा?” मी शेवटी विचारलं. “त्याची काळजी नाही वाटत?”

“ता तुझ्या आयशीन ठरवलेला. होकार तिणां कळवलेलो. मी आजपर्यंत गपच होतंय.” त्यांनी नारळ कानाशी नेला, हलवला आणि चांगल्यांच्या ढिगात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच तसं, काही न शोधता.

“आज बोललंस,” ते म्हणाले. “आता तुका देऊक माझी हरकत नाय.”